तिसऱ्या मजल्यावरची ओल

"आत्ता नळ कोणी बंद केले?"

प्रश्न दारातून आला तेव्हा ती रिकाम्या घराच्या मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती, कान भिंतीला लावून, डोळे मिटून. तिने मान वळवली नाही. नुसतं एक बोट वर केलं. थांबा, असं. आणि दारातला माणूस, का कोण जाणे, खरंच थांबला.

भिंतीतल्या नळीतून उतरणाऱ्या पाण्याचा आवाज हळूहळू विरला. मग तिने डोळे उघडले, चष्मा सारखा केला.

तरुण होता. अंगात पांढरा कोट, त्याची एक बाही कोपरापर्यंत चिंब, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि जिने धावत चढल्यामुळे दम लागलेला. त्याच्याबरोबर निलगिरीच्या तेलाचा वास आत आला होता – थंड, स्वच्छ, नाकातून थेट कपाळापर्यंत जाणारा.

"मी बंद केले," ती म्हणाली. "आधी सगळे एकदम उघडले होते. वरच्या मजल्यावर पाणी किती जोरात येतं ते बघायला."

"आणि?"

"चांगलं येतं."

"येणारच. माझ्या वाटचं तुम्ही ओढून घेतलंत." त्याने कपाळावरचं पाणी पुसलं. "खाली माझं क्लिनिक आहे. नळ कोरडा पडला म्हणून मी तो पूर्ण सोडला, वाकून आत बघितलं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही…" पुढचं न बोलता त्याने ओली बाही पुढे केली. पुरावा म्हणून.

"पण नळात वाकून काय दिसणार होतं?"

त्याने ओली बाही मागे घेतली. तिला हसू आलं. ते तिने दाबलं. दाबताना गालाला खळी पडली. ती खळी त्याने पाहिली, आणि त्याने पाहिली हे तिने पाहिलं.

मैत्रिणी तिला 'मोजणी' म्हणत, आणि त्यात चेष्टेपेक्षा कंटाळाच जास्त होता. माती, वीट, चुना यांसारख्या भुसभुशीत गोष्टींतून पाणी कसं वाट काढतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. पण सवय अशी जडली होती की कपातला चहा निवतानाही ती त्याच्याकडे टक लावून बघत बसे. तिघी मैत्रिणींचं वसतिगृह दुरुस्तीसाठी रिकामं होणार होतं, आणि नवं सत्र सुरू व्हायच्या आत डोक्यावर छप्पर हवं होतं. नव्या इमारती बघून झाल्या होत्या. चकचकीत लिफ्ट, आणि भिंती इतक्या पातळ की शेजारी शिंकला तर आपण 'बरं वाटतंय ना' म्हणून विचारावं.

ही इमारत जुनी होती. तळमजला आणि वर तीन मजले, रुंद जिना, हातभर जाड भिंती. घर जोखायची तिघींची तऱ्हा वेगवेगळी. वकीलीण कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. ती आसपासच्या दुकानदारांची उलटतपासणी घेऊन आली – रात्री जिन्यात दिवा असतो का, कचरा कोण नेतं, मालकीण कटकटी आहे का. झोपाळू प्रत्येक खोलीत जमिनीवर आडवी झाली; जिथे डोळा लागेल ती खोली पास, हा तिचा नियम, आणि इथे ती दोन खोल्या पास करून तिसरीत घोरत होती. मोजणीने नळ तपासले, खिडक्या उघडमीट करून बघितल्या, विजेचे पॉइंट शोधले. खोलीला एकच पॉइंट होता आणि तिघींचे तीन लॅपटॉप. पहिलं भांडण कशावरून होणार हे तिथेच ठरून गेलं. न्हाणीघराची खिडकी लागत नव्हती. लिफ्ट नव्हतीच. पण खिडक्या मिटल्या की रस्ता असा गप्प होई, जणू कुणी त्याच्या तोंडावर हात ठेवला. अभ्यास करणाऱ्याला आणखी काय हवं?

इतकं सगळं जमेचं असून वरची तिन्ही घरं रिकामी का, हा प्रश्न वकिलिणीनेच काढला. उत्तर संध्याकाळी मिळालं. क्लिनिक बंद करून, कोरडा शर्ट घालून, तोच तरुण घर दाखवायला आला.

तो फिजिओथेरपिस्ट होता. इमारत त्याच्या आत्याची. लोकांचे आखडलेले खांदे आणि धरलेल्या पाठी सोडवण्यात त्याचा दिवस जाई, त्यामुळे तो इमारतीबद्दलही पेशंटसारखंच बोले. करकरणाऱ्या पायऱ्या दाखवत म्हणाला, गुडघे गेलेत, पण कणा ताठ आहे. विजेच्या तारा म्हणजे जरा अशक्तपणा. भूक चांगली, सकाळचं ऊन सगळ्या खोल्या भरून खाते. मोजणी मागून चालत होती, आणि आपण ऐकतोय त्यापेक्षा त्याच्या मानेवरच्या ओल्या केसांकडे जास्त बघतोय, हे लक्षात आल्यावर तिने नजर छताला लावली.

"आणि हा त्वचारोग?" तिने विचारलं.

कोपऱ्यातल्या खोलीची बाहेरची भिंत. छतापासून कमरेपर्यंत ओलीचा काळपट डाग, कडांना बुरशी. त्याने डागावरून हात फिरवला.

लोक येतात, हा डाग बघतात आणि परत जातात, असं त्याने मग सांगितलं. दोन हिवाळे झाले. पावसाळ्यात काही नाही, थंडी पडली की सुरू. एका खरेदीदाराला ही जागा हवी होती, इमारत पाडून गाड्यांचं वाहनतळ करायला. त्याच्या इंजिनीअरचं म्हणणं असं पडलं की भिंत आतून सडली आहे, आज ही, उद्या बाकीच्या.

आत्या खालच्याच गल्लीत राहत. आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त होऊनही आवाजात अजून वॉर्ड होता. पोरींना त्यांनी समोर बसवून चहा दिला, भाच्याला "या, राजे" म्हणून कोपऱ्यातला मोडका स्टूल दिला, आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"घर माझं आहे, पण लेकी परक्यांच्या आहेत. सडक्या भिंतीखाली मी त्यांना झोपवायची नाही. भिंत धड आहे असं कुणी मला दाखवून दिलं, तर विकायचं नाव काढणार नाही, वरचे तिन्ही मजले विद्यार्थ्यांना देईन. नाही दाखवलं, तर रविवारी तो माणूस येतोय. सही करून मोकळी होईन."

कोपऱ्यातला स्टूल करकरला. मोजणीने तिकडे पाहिलं. तो कपाच्या तळाशी बघत होता, आणि मघाचा गमत्या माणूस कुठेतरी निघून गेला होता. तिला एकदम कळलं की इमारत गेली तर क्लिनिकही जाणार.

"मला एक पारदर्शक प्लास्टिक द्या," ती म्हणाली. "आणि रविवारपर्यंत चावी."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून प्लास्टिकचा मोठा तुकडा डागावर लावला. ती धरायची, तो चिकटपट्टी लावायचा. पट्टी त्याच्या क्लिनिकमधली, खेळाडूंच्या मुरगळलेल्या घोट्याला लावतात ती. ती समजावून सांगत होती: भिंत आतून ओली असेल तर थेंब प्लास्टिकच्या मागे धरतील, भिंतीच्या अंगाला. भिंत कोरडी असून खोलीतली हवाच दमट असेल, तर थेंब पुढे धरतील, आपल्या अंगाला.

"इतकं सोपं?"

"सोपंच असतं. फक्त थांबावं लागतं."

"मला थांबता येतं," तो म्हणाला. वरच्या कोपऱ्यात पट्टी दाबताना त्याचा हात तिच्या हातावरून पुढे गेला – गरम, कोरडा हात, रोज दुखरे सांधे ओळखणारा – आणि पट्टी बसली तरी क्षणभर तिथेच राहिला. ते वाक्य प्लास्टिकबद्दलच होतं का, याचा विचार ती जिने उतरताना करत होती. पायरी चुकली.

सकाळी येऊन बघते तर प्लास्टिक दोन्ही अंगांनी कोरडं ठणठणीत. खिडक्या सताड उघड्या. आणि खोली झाडून लख्ख.

"खिडक्या कोणी उघडल्या?"

तो दारात उभा होता, हातात केरसुणी. "तुम्ही येणार म्हणून… जरा मोकळी हवा."

"मी येणार म्हणून हवा कशाला बदलायची? मला तीच हवा मोजायची होती."

"पाहुणे यायचे असले की माणूस घर आवरतो."

"मी पाहुणी नाही."

हे तिने रागानेच म्हटलं होतं. पण तो असा काही हसला की रागाला टेकायला जागाच उरली नाही. तिने खिडक्या लावल्या, खोलीला कुलूप घातलं आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आता मीही आत यायचं नाही का, असं त्याने विचारलं. तुम्ही तर मुळीच नाही, असं तिने सांगितलं.

पुढच्या सकाळी तिने एकटीने कुलूप काढलं, आणि दारातच उभी राहिली. प्लास्टिकवर थेंब होते. पुढच्या अंगाला. बोटाने पुसले तर मागची भिंत, प्लास्टिकखालची, कालच्यापेक्षा फिकी, सुकत आलेली. भिंत ओली नव्हती. हवा ओली होती, आणि ती थंड भिंतीला टेकून पाणी होत होती.

तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण त्याच वेळी दुसरंही काही जाणवलं.

खोलीत निलगिरीचा वास येत होता.

त्याचा वास. अगदी तोच; थंड, स्वच्छ, कपाळापर्यंत जाणारा. खोलीला रात्रभर कुलूप होतं. चावी तिच्याकडे होती. तो आत आलेला असणं शक्यच नव्हतं. तिने पुन्हा श्वास घेतला. वास होताच. तिचे कान तापले. म्हणजे प्रकरण इथवर आलं तर, असं ती मनाशी म्हणाली. माणूस समोर नसतानाही त्याचा वास यायला लागला. कॉलेजात असताना हसलो होतो आपण अशा मुलींना.

तिने खिडकी उघडली, चेहऱ्यावर गार वारा घेतला, आणि नीट विचार करून त्या वासाला निरीक्षणांतून बाद केलं. पुढच्या दिवशीही वास आला. पुन्हा बाद केला. निरीक्षण करणाऱ्याची अवस्था बिघडलेली असेल तर निरीक्षणावर विश्वास ठेवू नये, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

भिंत कोरडी आहे हे ऐकून तो लहान मुलासारखा खूश झाला. पण आत्यांनी लगेच विचारलं, मग बंद, रिकाम्या खोलीत हवा ओली होते कशी? मोजणीने वहीत तोच प्रश्न लिहून खाली रेघ ओढली. रिकाम्या घरात श्वास कोण घेतं? भूत, तो म्हणाला, आणि भूत असेल तर दमेकरी आहे, माझ्याकडे पाठवा, छातीचे व्यायाम शिकवतो. दोघांनी गच्चीवरची टाकी बघितली, सगळ्या नळ्या हाताने चाचपल्या, मधल्या मजल्यांवर शोधलं. कुठे गळती नाही. त्याने क्लिनिकही दाखवलं. तिथे दिवसभर गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात शेकायच्या पिशव्या तापत असत, तरी भिंती कोरड्याच. बघा, म्हणाला, इथे वाफेत राहूनही माझ्या भिंतीला डाग नाही, आणि वर वाफ नसताना तिथल्या भिंतीला डाग. ती भिंतींकडे बघत होती. भांड्याच्या मागे काय आहे, हे तिने बघितलं नाही, कारण तो फारच जवळ उभा होता.

शुक्रवारी आत्यांनी तिला एकटीला गाठलं. भाच्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाने बोलावलंय, असं त्यांनी सांगितलं. उत्तर रविवारी द्यायचंय. इमारत राहिली तर तो इथे, नाही तर तिकडे. "मी तुला हे का सांगतेय, ते मला विचारू नकोस," असं म्हणून त्या भाजी निवडत बसल्या.

शनिवारी संध्याकाळी ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तो क्लिनिकच्या दाराला कुलूप लावून आला आणि शेजारी, एक पायरी सोडून, बसला. बाहेर धुकं उतरत होतं. रस्त्यावरचे दिवे कापसात गुंडाळल्यासारखे.

"उद्या काय होईल?" त्याने विचारलं.

"मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "भिंत धड आहे एवढं सांगेन. पण ओल येते कुठून ते सांगता आलं नाही, तर तुमच्या आत्या ऐकायच्या नाहीत. आणि त्यांचं चुकत नाही."

"नाही चुकत." त्याने चावी खिशात टाकली. "तरी… हा आठवडा चांगला गेला."

तिला काहीतरी म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण उद्याच्या आत ते बोलणं म्हणजे त्याला इथे अडकवणं, असं तिला वाटलं, आणि ती नुसतीच "हो" म्हणाली.

रविवारी सकाळी दोघी मैत्रिणी तिच्याबरोबर आल्या. थंडी कडाक्याची. तिने कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप काढलं, वकीलीण आत शिरली, आणि दोन पावलांवर थबकली.

"अगं, इथे कसला बाम लावलाय कोणी?"

मोजणी वळली. "काय म्हणालीस?"

"वास येतोय की. सर्दीचा. निलगिरी नाही का?"

"मलाही येतोय," झोपाळू म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "छान आहे. झोप येते."

मोजणी खोलीच्या मध्यावर उभी राहिली. तिच्या मनात एकापाठोपाठ एक दारं उघडत गेली. वास खरा आहे. खरा आहे म्हणजे तो कुठून तरी येतोय. वास येतोय म्हणजे हवा येतेय. आणि ही हवा… तिने खोलीभर नजर फिरवली. आतल्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, एक रंगवलेली लाकडी फळी होती. आठवडाभर तिने ती बघितली होती, पण पाहिली नव्हती. जुन्या काळी शेगडी असे, तिचा धूर भिंतीतल्या धुराड्यात सोडणारं तोंड. मधल्या दोन मजल्यांवर अशी तोंडं गिलाव्याने बुजवलेली होती. इथे नुसती फळी ठोकली होती. तिने गुडघ्यांवर बसून फळीच्या फटीशी हात नेला.

गरम, ओला श्वास.

जिन्यावर पावलं वाजली. आत्या, त्यांच्यामागे खरेदीदाराचा इंजिनीअर – पिकल्या मिशांचा, शांत माणूस – आणि शेवटी तो. रात्रभर झोपला नसावा.

"खालचं शेकायचं भांडं आत्ता चालू आहे का?" तिने जमिनीवरूनच विचारलं.

"आहे. सकाळी एक पेशंट होते. का?"

"त्यात निलगिरीचं तेल घालता?"

"थेंबभर. लोकांना बरं वाटतं."

"आणि भांडं ठेवलंय कुठे? मागे काय आहे त्याच्या?"

त्याने फळीकडे पाहिलं, मग पायाखालच्या जमिनीकडे. भांडं जुन्या धुराड्याच्या तोंडाशी होतं. त्यानेच ठेवलं होतं, दोन वर्षांपूर्वी, क्लिनिक सुरू करताना. वाफ आपली आपण वर जाते, भिंती खराब होत नाहीत, म्हणून. फार हुशारी केली असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

तिने वकिलिणीकडून घरच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला, फळीच्या फटीत घालून ती उचकटली. निलगिरीच्या वासाची ऊबदार वाफ भस्सकन खोलीत आली. आत्यांनी नाक वर केलं. दोनदा हुंगलं.

"राजे," त्या हळूच म्हणाल्या, "हा तर तुमचाच दवाखाना."

"पण धुराडं वर गच्चीवर उघडं असतं," तो म्हणाला. "वाफ बाहेर जायला हवी. खोलीत का येईल?"

आता आत्यांची पाळी होती. त्यांनी पदर सारखा केला. कबुतरं फार घाण करायची, म्हणाल्या. मीच त्याच्यावर फरशी बसवून घेतली होती. तेव्हा खाली काही पेटवत नव्हतं कोणी.

इंजिनीअर पुढे झाला. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, मोजणीकडे बघून मानेने परवानगी मागितली, आणि डागाच्या मध्यावर गिलावा खरवडला. पोपडा पडला. आतली वीट लालभडक आणि कोरडी. त्याने ती नखाने टोकरली, मग अंगठ्याने दाबली.

"भिंत आणखी एक पिढी उभी राहील," तो म्हणाला. "मी फक्त वरचा थर पाहिला होता. तसं मालकांना कळवतो." मग आत्यांना म्हणाला, "चला, ती फरशी काढून टाकू. मी हात लावतो."

गच्चीवर वारा नव्हता. आभाळ निळं, धुतल्यासारखं. तो आणि इंजिनीअर लोखंडी सळई घालून फरशी उचकटत होते, वकीलीण सूचना देत होती, झोपाळू टाकीला टेकून उभ्याने पेंगत होती. जुनं सिमेंट करकरलं, फुटलं. फरशी सरकली.

आधी काहीच झालं नाही. मग धुराड्याच्या तोंडातून एक पांढरा लोट निघाला, बारीक, बिचकत बिचकत. मग जाड. मग सरळ वर, थंड हवेत, आजूबाजूच्या सगळ्या छपरांच्या वर, उन्हात चमकत. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडून बघितलं. आत्या मान वर करून उभ्या होत्या, आणि वॉर्डातला एखादा सगळ्यांनी सोडलेला पेशंट उठून बसावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"पोरींनो, सामान कधी आणताय?" त्यांनी विचारलं.

वकिलिणीने झोपाळूला मिठी मारली. झोपाळू जागी झाली. मोजणी हसत होती, आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

पण वकीलीण ती वकीलीण. आनंदातही तिला एक गोष्ट खटकली होती. "थांब जरा. तू आठवडाभर रोज सकाळी त्या खोलीत जात होतीस. वास तुला आला नाही?"

"आला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस? एवढ्यावर तर सगळं उलगडत होतं. तू तर मुंगी शिंकली तरी मोजतेस."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आत्या, इंजिनीअर, आणि हातातली सळई खाली ठेवायची विसरलेला तो. मोजणीला खोटं बोलता येत नव्हतं. कधीच आलं नव्हतं. तिने धुराड्याकडे बघत, एकेक शब्द पारखून, सांगितलं.

"मला वाटलं, तो वास फक्त मलाच येतोय. म्हणजे… खोलीत नसलेल्या माणसाचा. म्हणून मी तो मोजला नाही."

सळई हातातून सुटून खणकन पडली.

सगळ्यात आधी आत्यांना कळलं. इंजिनीअरसाहेबांनी चहा घ्यायलाच हवा, असं त्या म्हणाल्या. वकिलिणीला अजून दोन प्रश्न विचारायचे होते. झोपाळूने, आयुष्यात पहिल्यांदा चपळाई दाखवत, तिला दंडाला धरून जिन्याकडे ओढलं. पावलं खाली गेली.

तो पुढे आला नाही. होता तिथूनच बोलला.

"आत्या बोललीच असेल. इस्पितळाला मी उत्तर कळवलंय."

ती त्याच्याकडे वळली. "काय?"

"नाही म्हणून. सकाळीच, वर यायच्या आधी."

"पण सकाळी तर काहीच ठरलं नव्हतं. इमारत जाणारच होती."

"हो. गेली असती." तो आता चालत जवळ आला. "मग तुम्ही तिघींनी दुसरं घर शोधलं असतं. मी विचारलं असतं, कुठे. आणि त्याच रस्त्यावर एखादा गाळा बघितला असता. लोकांचे गुडघे सगळीकडेच दुखतात."

ती काही बोलणार, एवढ्यात वारा सुटला. पांढरा लोट कलला आणि दोघांच्या अंगावर आला – ऊबदार, निलगिरीचा. तिचा चष्मा धुक्याने भरून गेला. छपरं गेली, आभाळ गेलं, तो गेला. उरला नुसता एक पुसट आकार, आणि त्याचा आवाज, अगदी जवळ.

"चष्मा पुसून देऊ?"

"नको," ती म्हणाली. "आधी ऐका. मला तुम्ही आवडता. फार आवडता. हे मी पुन्हा तपासणार नाही, खात्री करून बघणार नाही, काही नाही. आहे ते असं आहे."

काहीच दिसत नसताना इतकं ठामपणे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

चष्मा अलगद निघाला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्याचा आवाज आला, सावकाश, एक काच, मग दुसरी. मग त्याने तो परत तिच्या डोळ्यांवर चढवला, कानांमागचे केस नीट बाजूला करून; आणि जग पुन्हा स्पष्ट झालं तेव्हा त्यात सगळ्यात जवळ त्याचा चेहरा होता, हसणारा, आणि डोळे भरलेले.

"वाफेमुळे," तो घाईने म्हणाला.

"असेल," ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेतला. खालून आत्या कधीच्या हाका मारत होत्या, चहा गार होतोय म्हणून. गच्चीवर दोघांच्या डोक्यावरून पांढरा लोट निळ्या आभाळात चढत राहिला, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणालाही खाली जायची घाई नव्हती.